तिकालचं आकाश

८ जानेवारी

लेकीने ही वही आणून दिली. म्हणाली, "बाबा, प्रदर्शनाबद्दल जे काही बोलायचंय ते आता हिच्याशी बोला. जेवताना आमचे कान जरा मोकळे राहू देत." ही लगेच हसली. मायलेकींचं संगनमत जुनं आहे.

तर बातमी अशी, की आमच्या तिकीट-संग्राहक मंडळाने यंदाच्या प्रदर्शनात मला चक्क पाच चौकटी दिल्या. एका चौकटीत सोळा पानं, म्हणजे एकूण ऐंशी. तारीख सहा एप्रिल. विषय अर्थातच माझा एकुलता एक: मध्य अमेरिकेतल्या प्राचीन माया लोकांची दगडी नगरं. तिकाल, पालेंके, उश्माल, कोपान. जंगलाने गिळलेली आणि पुन्हा खणून काढलेली ती देवळं, ते उभेच्या उभे जिने. दोनशे बारा तिकिटं आणि नव्वदच्या वर पोस्टकार्डं झालीत माझ्याकडे. प्रत्यक्ष यातलं एकही नगर मी पाहिलेलं नाही आणि आता गुडघे पाहता पाहणारही नाही. तरी मला विचाराल तर तिकालच्या देवळाला कुठल्या बाजूने ऊन लागतं ते मी झोपेत सांगेन.

मंडळात कुणी विचारतं, तुमचा संग्रह इतका नीट कसा? मी कापडगिरणीच्या रंगखात्यात चौतीस वर्षं शेड पास करत होतो. नमुन्याचा तुकडा आणि रंगवलेला ताका शेजारी ठेवायचे आणि सांगायचं, जुळतोय की नाही. माझ्या सहीशिवाय एक ताका गिरणीबाहेर गेला नाही. तोच डोळा तिकिटांना लावला, बाकी काही नाही.

१५ जानेवारी

पहिल्या चौकटीच्या पहिल्या पानावर माझं निळं तिकीट जाणार. तिकालचं देऊळ आणि मागे नुसतं आकाश, बाकी काही नाही. एकतीस वर्षांपूर्वी मी आणि लंबक एका जुन्या पुस्तकांच्या दुकानात शिरलो आणि तिथल्या एका फाटक्या पाकिटात या तिकिटाच्या दोन प्रती निघाल्या. एक त्याने घेतली, एक मी. तिथून हे वेड सुरू झालं.

लंबक म्हणजे माझा मित्र, घड्याळं दुरुस्त करतो. चालताना डावीकडे-उजवीकडे झुलतो म्हणून लंबक. तो घड्याळांची आणि कालगणनेची तिकिटं जमवतो. माया लोकांना दिवस मोजायचा भारी नाद, त्यामुळे आमच्या दोघांच्या संग्रहांची इथे गाठ पडते. आज निळं तिकीट पाकीट न उघडताच त्याच्या दुकानात देऊन आलो. कडेचे दाते मोजून पानावर लिहायचेत. एरवी मीच मोजतो, पण हल्ली छपाईच अशी फिकट करतात की मोजपट्टीच्या रेघा दिसत नाहीत. त्याचा दिवाही चांगला आहे.

१७ जानेवारी

इस्त्रीवाल्याला झाडलं. माझे पांढरे सदरे तिन्हीच्या तिन्ही पिवळट करून ठेवलेत. तो म्हणतो, "काका, दुधासारखे आहेत!" दूधही हल्ली पिवळटच येतं, हे त्याला कोण सांगणार.

लेकीने तिच्या खोलीला रंग दिला. मी म्हटलं, बदामी छान आहे. तर दोघी एकमेकींकडे बघायला लागल्या. पांढरा म्हणे! आजकालचे रंगवाले काहीही खपवतात.

२२ जानेवारी

आज भलतंच झालं.

लंबकाने तिकीट परत दिलं. मी खिडकीपाशी नेऊन पाहिलं. आकाश गायब. चहात बुडवून काढल्यासारखं तिकीट.

"हे माझं नाही," मी म्हटलं.

त्याने डोळ्यावरचं भिंग कपाळावर सरकवलं. "काय नाही?"

"हे तिकीट. माझं निळं होतं. हे तुझं असणार. माझं तू ठेवून घेतलंस."

त्याने ते दिव्याखाली धरलं. "अरे, निळं तर आहे."

"मला रंग शिकवतोस?"

 त्याने घड्याळं पुसायचं फडकं उचलून माझ्यासमोर धरलं. "याचा रंग सांग बरं."

"राखाडी. आणि मळकं."

"डोळे दाखवून ये एकदा," तो हळूच म्हणाला.

माझं डोकंच फिरलं. अदलाबदल पकडली गेली की समोरच्याचे डोळे खराब! आणि कुणाचे, तर माझे! दुकानात गिऱ्हाईक होतं, तरी मी आवाज खाली आणला नाही. चोर म्हणालो. हो, हाच शब्द वापरला. तो भिंग पुन्हा डोळ्यावर ओढून एका घड्याळात डोकं घालून बसला.

२३ जानेवारी

सकाळी लंबक घरी आला. बसला नाही. खिशातून पाकीट काढून टेबलावर ठेवलं.

"माझ्या अल्बममधलं काढून आणलंय. तुला जे तुझं वाटतं ते ठेव. नाहीतर दोन्ही ठेव. एका तिकिटावरून बोलणं बंद व्हायला नको."

हिने चहा टाकला होता. तो थांबला नाही.

मी दोन्ही शेजारी ठेवून पाहिली. सगळा गोंधळ इथेच आहे. याने आणलेलंही तसंच पिवळं! मग माझं निळं गेलं कुठे? परक्या गिऱ्हाइकाला देऊन टाकलं असणार. आणि काही केलंच नसेल, तर माणूस स्वतःचं तिकीट असं मुकाट्याने कशाला आणून देईल? हिला विचारलं. ती म्हणाली, "अहो, मित्र आहे म्हणून दिलं असेल." बायकांना सगळं सोपं वाटतं.

दोन्ही ठेवून घेतली. त्याच्या प्रतीमागे पेन्सिलीने बारीक ठिपका केला, सरमिसळ नको म्हणून.

३० जानेवारी

मंडळाची बैठक. गेली कित्येक वर्षं प्रदर्शनाची पानं लंबकच सगळ्यांना लावून देतो. चिमटा धरावा तर त्याने. लोक आपले अल्बम डोळे मिटून त्याच्या हवाली करतात. मी चिटणिसांना बाजूला घेऊन झाला प्रकार सांगितला. सांगणं माझं कर्तव्य होतं.

चिटणीस म्हणाले, "तुमच्यासारखा माणूस रंगाबद्दल सांगतोय म्हटल्यावर प्रश्नच नाही." यंदा पानं लावायचं काम दुसऱ्याकडे गेलं. लंबकाने मान हलवली, "बरं" म्हणाला आणि शेवटच्या रांगेत जाऊन बसला. घरी येताना त्याच्याकडे बघायचं टाळलं. मला आनंद झाला असं मात्र मुळीच नाही.

६ फेब्रुवारी

संकट मोठं आहे. फक्त ते एक तिकीट नाही.

आज दुसऱ्या चौकटीसाठी अल्बम काढला. पालेंकेची तिकिटं पिवळी. उश्मालची पिवळी. तुलुमच्या पोस्टकार्डावरचा समुद्र, जो पाहिला की गार वाटायचं, तो शेवाळलेल्या डबक्याच्या रंगाचा. बोनाम्पाकच्या भिंतीवरच्या चित्रांचं कार्ड पाहून तर रडूच यायचं बाकी राहिलं. माया लोकांचा निळा म्हणजे जगात नावाजलेला रंग. ऊन, पाऊस, बुरशी, कशालाही बधत नाही. बाराशे वर्षं भिंतीवर टिकला आणि माझ्या कपाटात आला आणि विटला!

मी रंगखात्यातला माणूस. कारण शोधलंच. नव्या प्लास्टिकच्या पाकिटांतून काहीतरी वाफ सुटत असणार. त्यात लेकीने खोली रंगवताना कपाट दोन दिवस बाहेरच्या खोलीत ठेवलं होतं. रंगाचा दर्प आणि प्लास्टिकची वाफ, दोन्ही मिळून हा घात झाला. तिला बोललो. ती लिफ्ट दुरुस्त करते, दिवसभर शाफ्टमध्ये लोंबकळून आलेली, तिने ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "बाबा, जिन्यात परवा पाय का चुकला तुमचा?"

पायरीची कड झिजलीये म्हणून चुकला. हा काय प्रश्न झाला?

७ फेब्रुवारी

सकाळपासून एक विचार पाठ सोडत नाही. अल्बममधली तिकिटं तर घराबाहेर गेलीच नव्हती. ती पिवळी पडली असतील तर निळंही आपोआपच पिवळं पडलेलं असेल. मग लंबकाने काय केलं?

पण मग त्याने स्वतःचं दिलं कशाला? यापुढे विचार जात नाही. जाऊ द्यायचाही नाही मला.

१२ फेब्रुवारी

भाजी घेऊन परतलो तर इमारतीच्या दाराशी लंबक आणि माझी लेक. मला पाहताच दोघं गप्प. तो झुलत झुलत निघून गेला. मी विचारलं, काय चाललं होतं? म्हणते, "घड्याळाचा पट्टा बदलायचा होता." तिच्या मनगटावर घड्याळच नव्हतं.

वर आल्यावर हिने माझे पाय बघितले आणि हसत सुटली. एक मोजा काळा, एक गडद निळा. कपाटाच्या खणात उजेड नाही म्हणून झालं. ही हसली खरी, पण मग माझ्या शेजारी येऊन बसली. उगाच.

१८ फेब्रुवारी

उपाय सापडला! इतके दिवस कसा सुचला नाही, आश्चर्य आहे.

रंगखात्यात कापड पिवळट आलं की आम्ही काय करायचो? हायड्रोजन पेरॉक्साइड. औषधाच्या दुकानातून बाटली आणली. प्रयोग करायचा तर वाईटातल्या वाईटावर करावा, म्हणून लंबकाची ठिपकेवाली प्रत घेतली. काचेच्या बशीत कोमट पाणी, त्यात औषध. किती, ते डोळ्याच्या अंदाजाने टाकलं, जसं गिरणीत टाकायचो. तिकीट अलगद सोडलं आणि दुपारची वामकुक्षी करून आलो.

आता टिपकागदावर वाळत घातलंय. चांगलंच निवळलेलं दिसतंय. पिवळा हटला. निळा अजून वर आलेला नाही, पण तो वाळल्यावर येईल.

१९ फेब्रुवारी

वाळलं. निळा नाही आला. पण उजळलं मात्र नक्की. शेजारी माझी प्रत ठेवली तर ही त्यापेक्षा कितीतरी स्वच्छ. आणखी एक वेळ बुडवली की निळा वर येईल, खात्री आहे.

मोठी बाटली आणली. तीन पसरट ताटं घासून ठेवली. परवा दोनशे बाराच्या दोनशे बारा तिकिटांना अंघोळ घालणार. हिला सांगितलं तर तिचा चेहरा पडला. "सगळ्यांना?" मी म्हटलं, सगळ्यांना. ऐंशी पानं लावायची आहेत, एकेक करून कसं भागेल?

२१ फेब्रुवारी

ताटं मांडून ठेवली होती, चिमटा हातात घेतला होता, तेवढ्यात लेक आवरून समोर उभी. "बाबा, डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंची वेळ घेतलीये. अकराची. मी सुट्टी काढलीये."

"आज नाही जमणार."

"मी लिफ्टमध्ये अडकलेली माणसं बाहेर काढते बाबा. ती पण आधी हेच म्हणतात, आपोआप चालू होईल."

ही चपला घालून आधीच तयार. दोघींपुढे काय बोलणार? गेलो.

डॉक्टरीणबाई माझ्या लेकीहून लहान दिसतात. हनुवटी त्या यंत्रावर ठेवायला लावली, प्रकाश मारला. म्हणाल्या, "आजोबा, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. चांगला पिकलाय. रंग पिवळट दिसत असतील ना?"

"रंग मला व्यवस्थित दिसतात," मी म्हटलं. "चौतीस वर्षं शेड पास केल्यात. बारीक अक्षर तेवढं नीट लागत नाही."

त्यांनी हिच्याकडे पाहिलं, हिने छताकडे. ऑपरेशन चार मार्चला, आधी उजवा. बारीक अक्षरासाठी मी हो म्हटलं, एवढंच.

घरी येऊन पुन्हा ताटं मांडली, तर बाटली रिकामी. ही म्हणते, सकाळी निघायच्या आधी न्हाणीघराच्या फरशीवर ओतली, डाग होते म्हणून. असा संताप आला! ती शांतपणे म्हणाली, "अहो, ऑपरेशन होऊ दे. मग मी स्वतः दहा बाटल्या आणून देते."

४ मार्च

झालं. काही कळलं नाही. डोळ्यावर पट्टी आहे, मी सांगेन ते लेक लिहितेय. (मी लिहितेय. बाबा बरे आहेत, फक्त गप्प बसत नाहीत.)

५ मार्च

कुठून सुरू करू?

सकाळी पट्टी काढली. समोर डॉक्टरीणबाईंचा कोट. पांढरा. किती पांढरा ते मी कसं सांगू! गिरणीत असता तर मी लगेच पास केला असता. मग खिडकी, खिडकीतून समोरच्या गच्चीवरची प्लास्टिकची टाकी आणि तिच्या मागे आकाश. मी उभाच राहिलो. बाई विचारत होत्या, "काय दिसतंय आजोबा?" माझ्या तोंडून एवढंच निघालं, "निळं."

घरी आलो तो थेट अल्बमकडे.  उघडायची भीती वाटत होती, कारण आता जे दिसेल ते खरं असणार. उघडला.

पालेंके आहे. उश्माल आहे. तुलुमचा समुद्र जिथल्या तिथे. बोनाम्पाकची भिंत निळीभोर, तशीच. उजवा डोळा झाकला की सगळं चहा. डावा झाकला की निळं. पुन्हा उजवा, पुन्हा डावा. निदान पन्नास वेळा केलं असेल. ही दारात उभी राहून म्हणाली, "आता पुरे, नवा डोळा आहे तो." मी तिला हाताला धरून आत आणलं आणि सगळी पानं एकेक करून दाखवली. तिने ती हजार वेळा पाहिली आहेत, तरी पाहिली.

दोनशे बारापैकी एकालाही काही म्हणजे काही झालेलं नाही. छातीवरून धोंडा उतरला. त्या दिवशी ती तीन ताटं भरली असती तर? फरशीवर ओतलेल्या बाटलीला आणि ओतणारीला मी मनातल्या मनात हात जोडले. मग प्रत्यक्षही जोडले. ती म्हणाली, "नाटकं पुरे."

लेकीची खोली पांढरी आहे. सदरे पांढरे आहेत. उद्या आधी इस्त्रीवाल्याकडे जायला हवं.

६ मार्च

काल आनंदाच्या भरात निळ्या तिकिटांचं पाकीट उघडायचं राहिलं होतं. आज उघडलं.

माझी प्रत निळी आहे. तीच, एकतीस वर्षांपूर्वीची. डाव्या कोपऱ्यातला आखूड दातासुद्धा ओळखीचा. लंबकाने मला माझंच तिकीट परत दिलं होतं.

आणि ठिपकेवाली प्रत, त्याची. देऊळ आहे, जिना आहे, वर आकाश नाही. नुसता कोरा कागद. मी त्या दिवशी पिवळा नव्हे, निळा धुऊन काढला. आणि उजळलं, उजळलं म्हणून खूश झालो.

चोर म्हणालो. भर दुकानात. मंडळात जाऊन सांगितलं. त्याने मैत्री टिकावी म्हणून स्वतःचं तिकीट दिलं आणि मी ते घेतलं, वर त्याचं वाटोळं केलं. मला शरम वाटते. यापेक्षा वेगळा शब्द नाही.

हिला दाखवलं. तिने काही समजावलं नाही. "जा त्याच्याकडे," एवढंच म्हणाली.

११ मार्च

गेलो. दुकानाच्या पायरीवर दोनदा चढलो, दोनदा उतरलो. तिसऱ्यांदा आत शिरलो आणि तोंडातून निघालं, "घड्याळ बंद पडलंय."

घड्याळ चालू होतं. त्याने ते कानाशी धरलं, उघडलं, फुंकर मारली, सेल बदलला. "बसा," म्हणाला. गिऱ्हाइकाला म्हणतो तसं. मग विचारलं, "डोळा बरा आहे?"

"बरा आहे."

त्याच्या टेबलावर तेच फडकं होतं. फिकं निळं, स्वच्छ धुतलेलं. मी ते बघत राहिलो. बोलणारच होतो, तेवढ्यात एक बाई भिंतीवरचं घड्याळ घेऊन आल्या आणि मी उठलो. काय हा भित्रेपणा! नुसत्या दुकानात, चार भिंतींत, "चुकलो" म्हणून भागणार तरी कसं? मी त्याचं नाव चारचौघांत घालवलं. ते परतही चारचौघांतच द्यायला हवं.

पहिलं पान पुन्हा करतोय.

६ एप्रिल

आजचा दिवस सविस्तर लिहायलाच हवा.

सकाळी आठला मंडळाच्या सभागृहात पोचलो. पहिल्या चौकटीच्या पहिल्या पानावर दोन्ही प्रती एकाखाली एक लावल्या. वर माझी निळी, खाली लंबकाची पांढरी. खालची चिठ्ठी खिशात होती, ती शेवटी लावायची होती. हिंमत होत नव्हती असंही म्हणता येईल.

तेवढ्यात चिटणीस आले. पांढऱ्या आकाशावर नजर गेली आणि त्यांनी माझा दंडच धरला. "अहो! छपाईत निळा रंग राहून गेलेली प्रत? आणि तुम्ही इतकी वर्षं बोलला नाहीत?" त्यांनी परीक्षकांना हाक मारली. परीक्षक भिंग घेऊन धावले. त्यांच्या मागे सात-आठ जण. छपाईत एक रंग सुटलेलं तिकीट म्हणजे आम्हा लोकांना काय वाटतं ते बाहेरच्याला कळायचं नाही. माणसं जन्मभर एकाची वाट बघतात. परीक्षक पुटपुटत होते, "असं तर कुठल्याच यादीत नाही..."

खोटं का सांगू, मला मोह झाला. गप्प बसलो असतो तरी चाललं असतं. निदान आजचा दिवस. एवढी माणसं माझ्या चौकटीपुढे यापूर्वी कधी जमली नव्हती. लंबक लांब, शेवटच्या चौकटीपाशी उभा राहून इकडे बघत होता. त्याला आपलं तिकीट ओळखू आलं असणारच.

मी खिशातून चिठ्ठी काढून लावली. आणि परीक्षकांचा चष्मा पुढे येईपर्यंत मीच मोठ्याने वाचली. "वरची प्रत माझी. खालची प्रत माझ्या घड्याळजी मित्राची. खालच्या प्रतीतलं आकाश छापायचं राहिलेलं नाही, ते मी औषधात बुडवून घालवलं. माझ्या डोळ्यांत मोतीबिंदू होता आणि मला वाटलं तिकिटंच पिवळी पडली. मी मित्राला चोर म्हटलं. तो चोर नव्हता. भांडण मिटावं म्हणून त्याने आपली प्रत मला दिली होती."

 परीक्षकांनी भिंगाची घडी घातली आणि वहीत काहीतरी लिहिलं. औषधाने धुतलेलं तिकीट मांडलं की गुण कापतात, नियमच आहे. चिटणिसांनी माझा दंड सोडला आणि ते खाली फरशीकडे बघायला लागले.

लंबक झुलत आला. लोकांनी वाट दिली. त्याने सवयीने खिशातलं भिंग डोळ्याला लावलं आणि चिठ्ठी पहिल्या अक्षरापासून वाचली. 

"ही ओळ काढ," तो म्हणाला.

"कुठली?"

"'तो चोर नव्हता.' माणूस हे वाचतो आणि आधी चोरच शोधायला लागतो. बाकीचं राहू दे. बाकीचं बरं लिहिलंस." त्याने पेन काढून स्वतःच ती ओळ खोडली. मग तिकिटाकडे वाकून म्हणाला, "किती औषध घातलंस रे?"

"अंदाजाने."

"गिरणीच्या अंदाजाने?"

"हो."

तो हसायला लागला. आधी नुसते खांदे हलले, मग आवाज फुटला, मग भिंग खाली पडलं. परीक्षकही हसले. मला हसूही येत होतं आणि दुसरंही काहीतरी येत होतं. चिटणीस पुढे झाले, लंबकाला म्हणाले, "तिसऱ्या रांगेतली पानं वाकडी लागलीत हो. जरा हात लावाल का?" त्यांच्या मागे दोघंजण आपापले अल्बम काखेत घेऊन उभेच होते.

पाचला चौकटी उघडल्या. मी निळी प्रत चिमट्याने काढली, पाकिटात घातली आणि त्याच्यापुढे धरली. "ही तुझी."

मला वाटलं नको म्हणेल, मग आग्रह करावा लागेल. त्याने पाकीट लगेच खिशात टाकलं. "घेतोच मी. साधू थोडाच आहे? पांढरं तुझ्याकडे राहू दे. तुझ्याच हातची कारागिरी आहे ती."

मग म्हणाला, "दुसरा डोळा कधी?"

"वीस तारखेला."

"मी येतो बरोबर. तू एकटा सापडलास तर डॉक्टरीणबाईंना रंग शिकवत बसशील."

आणि खांद्यावर हात टाकून मला जिन्याकडे घेऊन निघाला. मी त्या पायऱ्या कशा उतरलो ते मला आठवत नाही, कारण समोरचं सगळं धूसर झालं होतं. ऑपरेशननंतर डोळ्यात बाहेरचं पाणी जाऊ द्यायचं नाही असं बाईंनी बजावलेलं आहे. आतून आलेल्या पाण्याबद्दल मात्र त्या काही बोलल्या नव्हत्या.